कडेला ठोका

आर्वो लेहतिनेननं रायफल विकायला काढली
तेव्हा किंमत सांगितली नाही.
म्हणाला, आधी ती तुझ्या खांद्याला काय म्हणते बघ.

इशपेमिंगमध्ये एप्रिलातही बर्फ असतो,
रस्त्याच्या कडेनं साचलेला, लोखंडाच्या मातीनं तांबडा.
त्याच्या गॅरेजात लाकडाची शेगडी, तेलाचा वास,
खुंटीला बंद पडलेल्या खाणीचं हेल्मेट
आणि जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेली ती,
एकोणीसशे चोपन्नची मार्लिन.
माझ्याहून एकवीस वर्षांनी मोठी.
अक्रोडाच्या दस्त्यावर
कुणाकुणाचे गाल टेकून आलेली तकाकी.

पंचवीस वर्षं मी इस्पितळाच्या तळघरात
या गावाचं रक्त काचेवर पसरून बघते आहे,
आर्वोचंसुद्धा.
बारीक बघायची सवय आहे, श्वास धरायचीही.
तरी पहिल्यांदा हात असे थरथरले
की तो हसला, आणि त्यानं स्वतःचे पुढे केले.
"तुझे थांबतील," म्हणाला.

मग तळहातावर काडतूस ठेवलं,
झिजलेल्या पेन्सिलीएवढं.
मोठ्या काडतुसांना बुडाशी मधोमध मर्म असतं,
हिच्या काडतुसाला नाही.
याची कडच पेट घेते,
कुठंही ठोका लागू दे.

मला अण्णा आठवले.
मधोमध कितीही बोला, ढिम्म.
आणि लिंबाची फोड ताटात डावीकडे नाही
एवढ्यावरून घर डोक्यावर.

लिव्हर खाली: रिकामं टरफल उजवीकडे उडतं.
लिव्हर वर: दुसरं आत.
अडकित्त्याचा आवाज. अगदी तोच,
खट् आणि मागून कच्च.
बाजूला एक स्क्रू आहे, नाण्यानं फिरवला
की रायफल मधून उघडून दोन होते.
आर्वो पाच सेंटचं वापरायचा.
माझ्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात
सांगलीहून येताना राहिलेले पन्नास पैसे होते,
आता कशालाच न चालणारे.
बरोब्बर बसले.

जयवंत म्हणाला, "घरात बंदूक?"
मग आठ दिवस फक्त मीठ दे, किल्ली दे, एवढंच.
ऋजुताच्या शाळेत
दिवे बंद करून बाकाखाली गप्प बसायचा सराव असतो.
तिनं लोखंडी कपाटाचं कुलूप ओढून बघितलं.
परत एकदा ओढलं.
"किल्ली कुठे ठेवतेस
ते मला सांगू नकोस."

मी सांगितलेलं नाही.
यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

रविवारी खडीच्या खाणीत आम्ही दोघं.
मागे चाळीस फूट मातीची भिंत, पुढे एक फळकूट,
त्यावर आमरसाचे रिकामे डबे,
पिवळ्या चित्रातल्या आंब्यांना भोकंच भोकं.
नळीच्या टोकावर जो बारीक दाणा असतो
त्याला आमच्याकडे माशी म्हणतात,
हे मी आर्वोला समजावलं.
त्याला फार आवडलं.
इथं या दिवसांत दुसरी माशी नसतेच,
ही एकच, आणि तिला आंब्यावर बसवायचं.
बसत नाही. बसते. उडते.
अर्धा श्वास सोडून थांबलं की
चाप ओढलाय हे आपल्यालाही उशिरा कळतं.
टण्ण.

"किंमत," मी म्हटलं.
"तीनशे," तो म्हणाला. "आणि यातला एक डबा. भरलेला."

तो भरलेला डबा मी पुढच्या रविवारी नेला.
ट्रकचं दार उघडं टाकून तो चमच्यानं खात बसला,
कोटावर, दाढीवर, सीटवर, सगळीकडे केशरी.
तोंडापर्यंत पोचायला चमच्याला फार वेळ लागत होता.
एकोणीस काडतुसं भरली होती.
मी गाल दस्त्याला लावला
आणि नजर माशीवरून हलू दिली नाही,
त्याचं खाऊन होईपर्यंत.